कुत्रा जादूचा, खर्च बल्बचा

कमी पैशांत कौटुंबिक जादूपट कसा काढायचा? कृती सोपी आहे. एक पोर घ्या. त्याची आई वारलेली असावी किंवा बापाला वेळ नसावा. दोन्ही जमले तर उत्तम. पावसाच्या रात्री दाराशी एक कुत्रा आणून बसवा. पाऊस परवडत नसेल तर नुसती रात्र चालेल.

कुत्र्यात जादू असते. ती फक्त पोराला दिसते. प्रेक्षकाला का दिसत नाही? कारण दाखवायला पैसे पडतात.

म्हणून जादू नेहमी बंद दाराआड होते. फटीतून निळा उजेड येतो, कुठेतरी घंटा किणकिणते, शेजारीण तोंडाचा आ करते. एकूण खर्च एक निळा बल्ब आणि एक शेजारीण. शेजारीण बहुधा निर्मात्याची मेहुणी असते, म्हणजे उरला बल्ब.

मग दीड तासात काय काय मार्गी लागते पाहा. बापाला नोकरी परत मिळते. शाळेतला दांडगट पोरगा मित्र होतो. घरावर डोळा असलेला बिल्डर चिखलात पडतो. बँक, कोर्ट आणि समुपदेशक यांना जे जमले नाही ते कुत्रा शेपूट हलवून करतो. मोठी माणसे डोळे पुसत बाहेर येतात. बापाने वेळेवर घरी यायचे ठरवले असते तर कुत्र्याची गरजच नव्हती, हे कुणी बोलत नाही.

हसू नका. या कृतीवर परदेशात कारखाने चालले.

डिस्नेने १९५९ साली 'द शॅगी डॉग' काढला. एक अंगठी, एक मंत्र, पोराचा झाला कुत्रा. रंगीत सिनेमाचे दिवस आले होते. डिस्नेने हा काळ्या-पांढऱ्यात उरकला. धंदा असा झाला की कंपनीने पुढची कैक वर्षे तसलेच विनोदी जादूपट काढले. रंगाचे पैसे वाचवून रंग उधळणे याला म्हणतात.

१९९७ साली आला 'एअर बड'. एकटे पोर, वारलेला बाप, बास्केटबॉल खेळणारा कुत्रा. स्पर्धेत कुत्रा कसा उतरवला? तर कुत्र्याने खेळू नये असे नियमपुस्तकात कुठे लिहिलेले नाही म्हणून. आपल्याकडच्या कुठल्याही पतसंस्थेच्या संचालकाला हा युक्तिवाद घरचा वाटेल.

बास्केटबॉल झाला, मग फुटबॉल, बेसबॉल, व्हॉलीबॉल. खेळ संपले तशी कुत्र्याच्या पिल्लांची पाळी आली. पिल्ले बोलू लागली. २००९ साली ती अंतराळात गेली. एकूण १४ सिनेमे. कुत्रा चंद्रापर्यंत पोचला, पटकथा अंगणातच राहिली.

यातल्याच २००८ च्या 'स्नो बडीज'च्या चित्रीकरणात फार कोवळ्या वयाची पिल्ले आणली होती. त्यांना पार्व्हो झाला. काही दगावली. पडद्यावरची पिल्ले मात्र शेवटपर्यंत बागडतात. कौटुंबिक मनोरंजन, दुसरे काय?

आणि 'लॅसी कम होम' मधली ती गुणी कुत्री आठवते? १९४३ चा सिनेमा. लॅसीचे काम करणारा पाल हा कुत्रा होता. फाळक्यांच्या 'लंका दहन' मध्ये साळुंके हा एकच नट राम आणि तोच सीता, म्हणून आपण हसतो. हॉलिवूड तेव्हा फाळक्यांच्या सव्वीस वर्षे मागे होते.

आता ही कृती घेऊन नागभीडला येऊ.

चंद्रपूर जिल्ह्यातला तालुका. रेल्वेचे जंक्शन, धानाची शेती, राइस मिली, उशाला घोडाझरीचा तलाव आणि चहूबाजूंनी जंगल. मल्टिप्लेक्स म्हणाल तर नागपूर नाहीतर चंद्रपूर, दोन्हीकडे शंभरेक किलोमीटर. मल्टिप्लेक्सांनी मराठी सिनेमाला दुपारी १२ ते रात्री ९ या वेळात खेळ द्यावा, असे सरकारने २०१५ साली ठरवले. नागभीडमध्ये या नियमाचा एकदाही भंग झालेला नाही. मल्टिप्लेक्सच नाही.

नागपूरला जाणारी नॅरोगेज गाडी २०१९ च्या नोव्हेंबरात रुंदीकरणासाठी थांबली. तेव्हा पहिलीत असलेले पोर प्राथमिक शाळा संपवून बाहेर पडले, गाडी काही त्याच्या शाळेच्या दिवसांत परतली नाही. वस्तू अदृश्य कशी करावी हे या तालुक्याला सिनेमाने शिकवायला नको.

तरीही इथल्या पोराकडे जादूचे जनावर आहे. निळे, गोल, पोटाला खिसा. डोरेमॉन. मांजर जपानी, बोलणे हिंदी, प्रेक्षक पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीचा. शिनचॅनच्या घरी कुत्राही आहे, शिरो नावाचा. धानाच्या बांधावर बसलेल्या पोराला काय हवे हे टोकियोला कळले. गोरेगावच्या चित्रनगरीला कधी कळेल?

हिंदीवाल्यांनी निदान कुत्रा ओळखला.

१९८५ चा 'तेरी मेहेरबानियां' घ्या. जॅकी श्रॉफचा खून होतो आणि मोती नावाचा कुत्रा एकेका खलनायकाचा हिशेब करतो. तपास, पुरावा, शिक्षा, सगळे एका खिडकीत. पोलीस खात्यानेही कुत्री पाळली. मोतीचा वेग काही पाळला नाही.

१९९४ चा 'हम आपके हैं कौन' तर देशातला सगळ्यात गाजलेला जादूई कुत्रापट आहे. लोक त्याला लग्नाची कॅसेट म्हणाले, ती त्यांची चूक. आठवा, घरात डझनभर सुशिक्षित माणसे. दोघांचे प्रेम आहे, लग्न तिसऱ्याशी ठरले आहे, तोंड कुणी उघडत नाही. शेवटी टफी नावाचा कुत्रा चिठ्ठी तोंडात धरतो आणि देवाच्या मूर्तीकडून इशारा मिळाल्यागत ती बरोबर थोरल्या भावाच्या हाती देतो. देव आहे, जादू आहे, कुटुंब आहे, कुत्रा आहे. मोठ्यांपैकी एकानेही खरे बोलायचे धाडस केले असते तर मध्यंतरालाच सुटलो असतो.

मग २०११ ची 'चिल्लर पार्टी'. इथे जादू नाही, भिडू नावाचा रस्त्यावरचा कुत्रा आहे आणि त्याच्या मागे लागलेला मंत्री आहे. पोरे चड्डीवर मोर्चा काढतात. सिनेमाला सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तेव्हा वाटले होते, कुत्र्यांवरून मंत्री आणि जनता भांडतील हे जरा अतिच.

११ ऑगस्ट २०२५. दिल्लीतले भटके कुत्रे उचलून निवाऱ्यात ठेवा, सर्वोच्च न्यायालयाचा आदेश. २२ ऑगस्ट २०२५. आदेशात बदल, लस टोचून आणि नसबंदी करून कुत्रे होते तिथे सोडा, पिसाळलेले आणि चावरे वगळून. अकरा दिवसांत असे वळण पटकथेत लिहिले असते तर निर्मात्याने लेखकाला हाकलले असते.

आणि मराठी? मराठीत पोरे आहेत. भरपूर आहेत. पोरांसाठी काय आहे ते विचारू नका.

यादीच काढू. 'श्वास', २००४. पोराला डोळ्याचा कर्करोग. 'टिंग्या', २००८. पोराचा बैल कसायाच्या दाराशी. 'फँड्री', २०१३. पोर जातीच्या चरकात. 'किल्ला', २०१४. बाप वारलेला, गाव बदललेले. 'नाळ', २०१८. आपली आई ही आपली आई नाही, हे पोराला कळते. एकाहून एक सरस सिनेमे. यातला कुठलाही आठ वर्षांच्या पोराला सुटीच्या दिवशी दाखवून बघा. सुटी परत मागेल.

अश्विन चितळे, शरद गोयेकर, सोमनाथ अवघडे, श्रीनिवास पोकळे. या चौघांनी सर्वोत्कृष्ट बालकलाकाराचे राष्ट्रीय पुरस्कार घेतले ते असल्याच सिनेमांत. मराठी पोर पडद्यावर गेले की रडते आणि दिल्लीला जाते. हसले तर? तर अनुदानाला अर्ज करा.

'एलिझाबेथ एकादशी' घ्या, २०१४. गोड सिनेमा, बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार. गोष्ट सायकलीची. पण सायकल का विकायची? तर आईच्या यंत्राचे कर्ज थकले म्हणून. मराठी पोराच्या खेळण्यावरही आधी बँकेचा बोजा चढतो.

'फँड्री'तल्या जब्याला तर जादू हवीच असते. काळ्या चिमणीची राख टाकली की आवडती मुलगी वश होते, असे त्याने ऐकलेले. तो चिमणीमागे रानोमाळ धावतो. चिमणी हाती लागत नाही. लागली असती तर तो कौटुंबिक जादूपट झाला असता, आणि आपण त्याला दोन चांदण्या कमी दिल्या असत्या.

माझे म्हणणे एवढेच. आपल्याकडे पोरांबद्दलचे उत्कृष्ट सिनेमे निघतात. पोरांसाठीचे सुमार सिनेमे निघत नाहीत. आणि ज्या भाषेत पोरांसाठी सुमार सिनेमे निघत नाहीत, त्या भाषेत पोरे सिनेमाला येत नाहीत.

सुमार म्हटले की भुवया उंचावतात. का? मोठ्यांसाठी दर शुक्रवारी सुमार माल येतो, तो चालतो. पोराच्या वाट्याला मात्र थेट अभिजात. वाईट दाखवू नका म्हणता म्हणता काहीच दाखवले नाही.

सरकारने काही केले नाही असे कसे म्हणाल? १९५५ साली बालचित्र समिती काढली. पहिला सिनेमा 'जलदीप', दिग्दर्शक केदार शर्मा. व्हेनिसहून बक्षीस आले. पुढे अडीचशेच्या आसपास चित्रपट निघाल्याचे सांगतात. तुम्ही किती पाहिलेत? बोटे मोजू नका, एक हातही जास्त होईल. २०२२ साली समिती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. समिती सदुसष्ट वर्षांची झाली आणि तिचे नाव बऱ्याच पोरांना ती गेल्यावरही कळले नाही.

पैसे नाहीत, हे रडगाणे आता पुरे. पैसे कधी होते?

फाळक्यांनी बायकोचे दागिने गहाण टाकून धंदा मांडला. मुलगा भालचंद्र झाला हरिश्चंद्राचा रोहिदास. १९१९ च्या 'कालिया मर्दन' मध्ये मुलगी मंदाकिनी झाली कृष्ण, वय सहा-सात वर्षे. घरचे पोर, पाण्यातला नाग, जादू आणि सगळे घर कामाला. कौटुंबिक चित्रपट म्हणजे अख्खे कुटुंब राबवलेला चित्रपट, ही व्याख्या तेव्हाच ठरली.

त्याआधी १९१७ चा 'लंका दहन'. नायक कोण? जनावर. उडते, शेपटीने शहर पेटवते. तिकिटाची नाणी बैलगाडीत भरून न्यावी लागली असे सांगतात. शंभर वर्षांनी आपला निर्माता सांगतो, जनावराच्या गोष्टीला मार्केट नाही!

१९४० साली प्रभातने 'संत ज्ञानेश्वर' काढला, दामले-फत्तेलालांचा. पोर रेड्याच्या मस्तकावर हात ठेवते, रेडा वेद म्हणतो. भिंत चालते. पोर आणि जादूचे जनावर, मराठीत, ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी. तेव्हा संगणक नव्हता. आता आहे, त्यावर आपण अनुदानाचे अर्ज भरतो.

१९९३ चा तात्या विंचू आठवा. रामदास पाध्यांचा एक बाहुला आणि महेश कोठारे. दोन पिढ्या अजून पलंगाखाली बघून झोपतात. एका बाहुल्याने जे केले ते करायला जिवंत कुत्रा कमी पडेल?

बरे, कुत्र्याच्या गोष्टीही उसन्या आणायला नकोत.

महाभारताचा शेवट बघा. पाच भाऊ, एक बायको आणि मागे एक कुत्रा, हिमालय चढताहेत. शेवटी कळते, कुत्रा म्हणजे साक्षात धर्म. निर्मात्याच्या दृष्टीने याहून आदर्श पटकथा नाही. एकेक कलाकार वाटेत पडत जातो, म्हणजे मानधनही थांबते.

नामदेवांची पोळी कुत्र्याने पळवली. नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले, कोरडी कशी खाशील म्हणून. कुत्र्यात विठ्ठल. सगळे मिळून साहित्य एक पोळी, एक वाटी. आज काढला तर वाटीवर तुपाच्या कंपनीचे नाव येईल.

दत्ताच्या पायाशी चार कुत्री, ती चार वेद म्हणतात. खंडोबाच्या संगतीला कुत्रा आहेच. ज्यांच्या देवांना कुत्र्याचे वावडे नाही त्यांच्या सोसायट्या कुत्र्याला लिफ्टमध्ये घेत नाहीत.

आणि रायगडावरचा वाघ्या. महाराजांच्या चितेत त्याने उडी घेतली अशी कथा. नाटककार गडकऱ्यांनी 'राजसंन्यास' त्याला अर्पण केले. १९३६ साली गडावर त्याचे स्मारक झाले. २०१२ साली पुतळा काढला, पुन्हा बसवला. २०२५ साली पुन्हा वाद. उडी खरी की खोटी, पुरावा कुठे, समाधीजवळ का, मोठी माणसे भांडताहेत. पोराला विचारा. ते म्हणेल, आधी त्याला बाहेर काढा.

समजा, एखाद्या शूराने हा जादूपट नागभीडला काढायचे ठरवले. काय होईल?

पोर लागेल. कायद्याने पोराला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त राबवता येत नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, मिळकतीतले २० टक्के त्याच्या नावे मुदत ठेवीत टाकायचे. चांगला कायदा आहे. हेच पोर बापाच्या शेतात रोवणीला उतरले तर तास कोण मोजतो?

कुत्राही लागेल. त्यासाठी प्राणी कल्याण मंडळाची परवानगी, पशुवैद्याचा दाखला, शेवटी ना-हरकत प्रमाणपत्र. त्याशिवाय सेन्सॉर हलत नाही. मंडळाचे कार्यालय हरियाणातल्या बल्लभगडला. म्हणजे पोराचे कागद चंद्रपुरात, कुत्र्याचे कागद हरियाणात. सिनेमातली जादू इथे वापरावी लागते.

अनुदान? सरकार 'अ' दर्जाच्या मराठी चित्रपटाला ४० लाख देते, 'ब' दर्जाला ३० लाख. दर्जा समिती ठरवते. समितीत पोर एकही नाही. ज्याचे वय पन्नाशीचे त्यानेच सिनेमा बघून ठरवायचे की आठ वर्षांच्याला मजा आली का. शाळेतल्या खिचडीची चव मुख्याध्यापकच घेतात, तसे.

आता खरी अडचण. पटकथाकार पुण्याचा. तो लिहितो, 'रात्र. अंगण. कुत्रा चांदण्याकडे बघतो आणि चमकू लागतो.' नागभीडचे पोर हे वाचते आणि एकच प्रश्न विचारते : "रात्री अंगणात काहून बांधला जी त्याले? बिबट नेते ना!"

गंमत नाही ही. ब्रह्मपुरी वनविभागाचा हा पट्टा, वाघ-बिबट गावाच्या कुसाला. तिकडे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात बिबट्याच्या आहाराचा अभ्यास झाला तेव्हा सर्वाधिक वाटा निघाला कुत्र्यांचा. इथे कुत्र्याची जादू एकच, तो सकाळी जिवंत असतो.

आणि चमकणारा कुत्रा? चमकला म्हणजे बिबट्याला शोधायचा त्रास नाही.

जादू करणारा कुत्रा तर जंगलातच आहे. ताडोब्यातली रानकुत्री चक्क शीळ घालतात. भुंकत नाहीत, शिट्टी मारून एकमेकांना हाका घालतात, टोळीने शिकार करतात, पिल्लांना टोळी मिळून सांभाळते. शीळ घालणारा कुत्रा हा कुठल्याही स्टुडिओला लाखोंत पडला असता. इथे तो फुकट आहे, आणि जिप्सीतला पर्यटक म्हणतो, "छे, आज नुसते कुत्रेच दिसले."

हेमलकशाला प्रकाश आमट्यांकडे पोरे आणि बिबटे एका अंगणात वाढले. विलास मनोहरांनी 'नेगल' लिहून ठेवले आहे. २०१४ साली आमट्यांवर सिनेमा निघाला तेव्हा नायक डॉक्टर होते. साहजिक आहे. बिबट्याच्या तारखा मिळत नाहीत.

जादू म्हटले की चंद्रपूर जिल्ह्यात दुसरीही एक फाईल उघडते. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा. तो आणण्यासाठी वर्षानुवर्षे झटलेल्या दाभोलकरांचा त्याच वर्षी २० ऑगस्टला खून झाला, मग कायदा आला. त्यानंतर आठ वर्षांनी, २०२१ च्या ऑगस्टात, जिवती तालुक्यातल्या वणी खुर्दला करणीच्या संशयावरून म्हाताऱ्या माणसांना भर चौकात बांधून मारले.

पोरांची जादू दीड तासाने संपते. मोठ्यांची संपत नाही.

म्हणून मला जादूच्या कुत्र्याची भीती वाटत नाही. पडद्यावरची जादू पाहिलेले पोर दिवे लागले की ओळखते, ती खोटी होती. बल्ब निळा होता हे त्याला पहिल्या पाच मिनिटांत कळलेले असते. अंधश्रद्धा निर्मूलनाचा एवढा स्वस्त वर्ग दुसरा कुठला?

मग काढायचा कुणी? उत्तर नागभीडहून फार लांब नाही. ब्रह्मपुरी मागे टाकून वैनगंगा ओलांडली की वडसा.

वडसा म्हणजे झाडीपट्टी रंगभूमीची राजधानी. दिवाळीनंतर धान घरात आले की हंगाम सुरू. गावात मंडई, दिवसा शंकरपट, रात्री नाटक. रात्री सुरू झालेले पहाटे संपते. तिकीट काढून. आजी, सून, कडेवरचे पोर, सगळे. मुंबईचा निर्माता ज्या कौटुंबिक प्रेक्षकाचा शोध एजन्सीला पैसे देऊन घेतो, तो इथे शेतात स्वेटर घालून बसलेला आहे.

कमी खर्च? कंपनी येते, पडदे बांधते, माइक लावते, एका रात्रीत राजवाडा उभा करते आणि सकाळी टेम्पोत भरते. परशुराम खुण्यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या नावावर पाच हजारांवर प्रयोग. पाच हजार! पुण्यात पन्नासावा प्रयोग झाला की सत्कार ठेवतात.

तृशांत इंगळेंनी २०२२ साली या दुनियेवर 'झॉलीवूड' नावाचा सिनेमा काढला. सिनेमा झाडीपट्टीकडे आला. झाडीपट्टी सिनेमाकडे कधी जाणार?

मात्र झाडीपट्टीलाही सूट नको. तिथल्या जाहिराती वाचा. सासू, सून, कुंकू, सौदा, सूड. दोन प्रवेशांच्या मध्ये नाच. पोर दोनच्या सुमारास आजीच्या मांडीवर झोपते आणि त्याने काय पाहिले हे कुणी विचारत नाही. तिकीट मात्र त्याच्यासाठीही मोजलेले असते, निदान आजीच्या तिकिटात त्याची जागा धरलेली असते.

तिथेच एक जादूचा कुत्रा उभा करा. पोशाख घातलेला माणूस चालेल. नाहीतर खराच आणा. तसाही गावचा एखादा कुत्रा ऐन रंगात आलेल्या प्रवेशात रंगमंचावरून चालत जातोच, बिनमानधनाचा, आणि त्या रात्रीचा सर्वात मोठा हशा तोच घेतो. दिग्दर्शक त्याला हाकलतो. ज्याच्यावर टाळी पडते त्याला हाकलायचे, हे शहरातूनच शिकले असावेत.

झाडीबोली बोलणारा कुत्रा आणा. कन्नड कुत्र्याने '७७७ चार्ली'तून २०२२ साली पाच भाषांत लोकांना रडवले. आपल्या कुत्र्याने एकाच बोलीत हसवले तरी पुरे. पटवाऱ्याला बोललेला एक संवाद ठेवा. गावोगाव मागणी येईल. पटवारीही येतील, फुकट पासावर.

समीक्षक काय म्हणतील? पटकथेत भोके, कुत्रा लाकडी, जादू बाळबोध. बरोबर आहे. बाळासाठी असलेली गोष्ट बाळबोध असणारच की. तक्रार कुणाची, ज्याचे वय पन्नास त्याची?

पुरस्कार मिळणार नाही. महोत्सवात जाणार नाही. दिल्लीहून पत्र येणार नाही. पण नागभीडच्या शाळेत दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत चार पोरे कुत्रा होतील, आणि बिबट व्हायला कुणी तयार नसेल. एवढा परिणाम कुठल्या महोत्सवाने केलाय?

तेव्हा सरकारने, महामंडळाने, वडशाच्या कंपनीमालकांनी, ज्याला कुणाला हौस असेल त्याने खुशाल काढावा. बजेट कमी असो. कुत्रा गल्लीतला असो. बल्ब निळा नसेल तर पिवळा चालेल. पटकथा मात्र पोरांकडून तपासून घ्यावी. त्यांची अट एकच असते, मी विचारून बसलो आहे. शेवटी कुत्रा मरता कामा नये.

ही अट मराठी दिग्दर्शकांसमोर ठेवा. बघा, किती जण आपली पटकथा उचलून घरी जातात.